कंट्रोल नंबर एक

दर तीन महिन्यांनी एकदा लॅबमध्ये तिमाही यायचा आणि त्या दिवशी बाईंचा पारा सकाळपासूनच चढलेला असायचा.

तिमाही म्हणजे परीक्षा नव्हे, माणूस. पन्नाशीला टेकलेला, टक्कल पडलेला, खुर्चीत आधी पोट ठेवून मग स्वतः बसणारा हा प्रोग्रामर. त्याचं खरं नाव दारावरच्या हजेरीच्या यंत्राला तेवढं ठाऊक होतं. तीन महिन्यांनी एकदा उगवतो म्हणून कुणीतरी त्याला तिमाही म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की आता फोनवर तोसुद्धा "मी तिमाही बोलतोय" असंच सांगायचा.

लॅबचं काम माणसं जुळवण्याचं. लग्नं नव्हेत; लग्नात चूक झाली तर निदान भांडता तरी येतं. इथे एकाचा बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, दुसऱ्याला चालेल का, हे बघायचं. प्रत्येकाच्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, निम्म्या आईकडून आलेल्या, निम्म्या बापाकडून. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या खुणा जुळल्या तर ठीक, नाहीतर शरीर परक्याला दारात उभं करत नाही. आता या खुणांची जगभराची एक यादी असते आणि ती सारखी वाढत असते. काल ज्याला नुसतं निळं म्हणत होते, त्यातून आज आकाशी निघतं, उद्या मोरपिशी. म्हणजे काल दिलेला रिपोर्ट खोटा ठरत नाही, पण शिळा होतो. तिमाहीचं सॉफ्टवेअर हे शिळेपण घालवायचं. नवी यादी आली की साठवलेल्या जुन्या तपासण्या ते पुन्हा वाचायचं, ज्यांची नावं बदलली ती लाल अक्षरांत दाखवायचं, आणि मग मॅरोची वाट बघत असलेल्या प्रत्येक रोग्यासाठी सगळ्या साठ्यातून पुन्हा एकदा जोड शोधायचं.

बाई या लॅबच्या प्रमुख. लॅब उभी राहिली तेव्हापासून त्या तिथे होत्या आणि भिंतीवरचा खिळासुद्धा त्यांना विचारून ठोकलेला होता. त्यांची स्मरणशक्ती म्हणजे लॅबमधली दंतकथा. कुठल्या फ्रीजमध्ये, कुठल्या रॅकमध्ये, कुणाची नळी, हे त्या न उठता सांगत. त्यांना एखादी गोष्ट दोनदा सांगावी लागत नसे, आणि खरं तर एकदाही पुरती सांगता येत नसे, कारण समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच "माहीत आहे मला" म्हणून त्या मोकळ्या होत. बहुतेक वेळा त्यांना खरंच माहीत असायचं. हीच तर पंचाईत होती.

त्या दिवशी बाईंचा पारा चढला होता तो मात्र भीतीने. वाट बघणाऱ्या रोग्यांत एक लंबू होती. लंबू म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची, घरातल्या सगळ्या दारांना डोकं आपटून मोठी झालेली. दीड वर्षापूर्वी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी तो दबला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि गेल्या महिन्यात तो परत आला. आता मॅरो बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आईबापाचा निम्माच जुळत होता, भावंडं नव्हती, मावशीचा तर तेवढाही जुळत नव्हता. निम्म्यावर भागवायचं तर डॉक्टर तयार नव्हत्या, कारण लंबूच्या रक्तात आईबाप दोघांच्याही न जुळणाऱ्या खुणांविरुद्ध आधीच फौज उभी होती. देशोदेशीच्या दात्यांच्या नोंदी चाळून झाल्या. लंबूला बापाकडून आलेली एक खूण इतकी दुर्मिळ होती की तिथे येऊन प्रत्येक शोध अडायचा. आजार निघाल्यापासून दर तिमाहीला बाई पडद्यासमोर श्वास धरून बसत आणि लंबूच्या नावापुढे शून्य बघून उठत.

"या वेळी सगळं नव्याने लिहिलंय बरं का," तिमाही चहाचा कप हातात घेऊन म्हणाला. "जुनं सॉफ्टवेअर म्हणजे ठिगळांची गोधडी झाली होती. हे बघा, कसं पळतंय."

"पळू दे, पण नीट पळू दे."

"तुमच्या लॅबमध्ये नीट न पळून सांगेल कुणाला?"

बाई हसल्या नाहीत. पडद्यावर नावं सरकत होती. शून्य, शून्य, तीन, शून्य. मग लंबूचा क्रमांक आला आणि त्याच्यापुढे एक हा आकडा होता.

बाईंना आधी तो दिसलाच नाही, कारण डोळ्यांना तिथे शून्य बघायची सवय झाली होती. मग दिसला.

"उघडा," त्या म्हणाल्या. "लवकर उघडा ते."

तिमाहीने ओळ उघडली, पुढे वाकला, आणि कपाळावर हात मारला. "हात्तिच्या! अहो, कंट्रोल आहे हा. कंट्रोल नंबर एक. शोधातून कंट्रोल गाळायचे, ती ओळ नव्यात घालायची राहूनच गेली. माझीच चूक, बाई. उगाच तुमच्या जिवाला घोर. काढून टाकतो." आणि त्याचं बोट कळफलकाकडे गेलं.

"हात लावू नका!"

बाई इतक्या जोरात ओरडल्या, की खोलीच्या दुसऱ्या टोकाला काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या हातून नळ्यांचा आख्खा रॅक सुटता सुटता राहिला. इतक्या वर्षांत बाईंचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. त्या रागावल्या की उलट हळू बोलत.

कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना. रोजच्या तपासण्यांबरोबर त्याचीही एक नळी लावतात. त्याच्या पट्टीवर नेहमीच्या जागी नेहमीच्या रेघा उमटल्या की त्या दिवसाच्या बाकी उत्तरांवर विश्वास ठेवायचा. त्याच्याकडे रोग्यासारखं कुणी बघत नाही. तो म्हणजे ताजव्यातलं वजन. वजनाला कुणी वजन विचारत नाही.

"पुन्हा वाचा," बाई म्हणाल्या. "किती जुळतंय?"

"दहापैकी दहा." तिमाहीने ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. "बाई, पूर्ण जुळतंय."

"शक्य नाही. नंबर एकचा रिपोर्ट मला पाठ आहे." आणि त्यांनी तो घडाघडा म्हणून दाखवला, आकड्यांसकट. नऊ ठिकाणी पडद्यावर तेच होतं. दहाव्या ठिकाणी बाई म्हणाल्या ते नाव नव्हतंच. तिथे लाल अक्षरांत दुसरं नाव होतं, तेच दुर्मिळ नाव, ज्याच्यापाशी लंबूचा प्रत्येक शोध येऊन अडत होता.

तिमाही चष्मा वर करून इतिहास वाचू लागला. "पट्टीवरच्या रेघा त्याच आहेत. पहिल्या दिवसापासून त्याच. फक्त तेव्हाच्या यादीत या रेघांना एकच नाव होतं. मग सहा-सात वर्षांपूर्वी यादीत ही नवी खूण आली, आणि या रेघा खऱ्या तिच्या निघाल्या. नाव तेव्हाच बदलायला हवं होतं. पण कंट्रोल पुन्हा वाचायचेच नाहीत असं मी जुन्यात घालून ठेवलं होतं, कारण…"

तो थांबला. कारण दोघांनाही ठाऊक होतं. एकदा लॅबच्या तपासणीला बाहेरून आलेल्या साहेबांनी बाईंना विचारलं होतं, कंट्रोलचं उत्तर ठरलेलं असतं ना, मग त्याचं नाव कसं बदलतं? बाईंनी त्यांना यादीचं पुराण समजावलं होतं आणि साहेबांच्या डोक्यात काडीचाही प्रकाश पडला नव्हता. ते गेल्यावर बाईंनी तिमाहीला बोलावून सांगितलं होतं, यापुढे कंट्रोलला हात लावायचा नाही. तो कधी बदलत नाही. उगाच दर वेळी लाल अक्षरं नकोत.

"कोण आहे हा नंबर एक?" तिमाहीने विचारलं.

"माझा नवरा."

तिमाहीने चहाचा कप टेबलावर ठेवला, पण ठेवला तिथे टेबल नव्हतं. कप फुटला, चहा त्याच्या बुटांवर सांडला, आणि दोघांपैकी कुणीही खाली बघितलं नाही.

नवरा होता म्हणायला. अडीच वर्षांपूर्वी तो घर सोडून गेला होता. कागदोपत्री अजून काही तुटलं नव्हतं, पण बाई त्याचा उल्लेख "तो" असा करत, तर आपणही तसाच करू. भांडण कशावरून झालं हे दोघांनाही आता धड सांगता आलं नसतं. जाताना तो एवढंच म्हणाला होता, "तुझ्याशी बोलायला माझी गरजच लागत नाही. माझी वाक्यं तुला आधीच पाठ असतात." लॅब नवी होती तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा कंट्रोल विकत आणायचे तर महिनोन्महिने वाट बघावी लागे, म्हणून लॅबमधल्या लोकांनी आपापल्या घरची माणसं धरून आणली होती. बाईंनी याचा दंड धरला. शिरा चांगल्या होत्या आणि तो कशालाच नाही म्हणत नसे. त्यानंतर फ्रीजमधल्या नळीतून तो रोज सकाळी त्यांच्या हाताखालून जात राहिला, घर सोडून गेल्यावरसुद्धा.

आता बाईंच्या मनात काय काय आलं ते सांगायला हवं, लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यांत आधी जे आलं ते ओंगळ होतं. लंबू आणि तो जुळतात? का जुळतात? क्षणभर बाईंच्या डोळ्यांसमोर धाकटी आणि तो असे उभे राहिले. मग डोक्यातली जाणकार बाई जागी झाली. तो बाप असता तर निम्मंच जुळलं असतं, बापाचं निम्मंच जुळतं. आणि ते निम्मं धाकटीच्या नवऱ्याकडून लंबूत आलेलं बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी तपासलं होतं. धाकटीचा नवरा आणि हा, दोघांचीही मूळ गावं एकाच नदीच्या खोऱ्यातली, लग्नाआधी एकमेकांचं तोंड न पाहिलेले. कुठल्या तरी विसरलेल्या पणजोबाची खूण दोघांत उतरली असेल, आणि दुसरी बाजू योगायोगाची. असे योगायोग होतात म्हणून तर ही लॅब चालू होती. बाईंना स्वतःची लाज वाटली.

आणि त्या लाजेच्या मागून दुसरी गोष्ट आली.

त्याने फोन केला होता.

लंबूचा आजार कळला त्याच आठवड्यात. घर सोडून गेल्यानंतरचा त्याचा पहिलाच फोन. बाई हॉस्पिटलच्या जिन्यात होत्या, काखेत फाइल, मागे धाकटीच्या रडण्याचा आवाज.

"ऐक ना," तो म्हणाला होता, "माझं रक्त तपासा. कुठे यायचं सांग, मी आत्ता येतो."

"तुझं तपासायची गरज नाही. तुझा रिपोर्ट मला तोंडपाठ आहे. नाही जुळत."

"पण एकदा बघायला काय—"

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या होत्या आणि त्यांनी फोन ठेवला होता.

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. लंबूची ती दुर्मिळ खूण त्याच्या रिपोर्टात नाही हे त्यांना पाठ होतं, बाकीची नऊ नावं त्यांनी ताडूनही पाहिली नव्हती. पण रस्त्यावरून कुणी परका माणूस आत आला असता आणि दंड पुढे करून म्हणाला असता की माझं रक्त घ्या, तर बाईंनी त्याचं ताजं रक्त काढून नव्या यंत्रावर लावलं असतं. परक्यासाठी जे केलं असतं ते याच्यासाठी केलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला नाही म्हणताना त्यांना जरा बरंही वाटलं होतं.

नंतर धाकटी कितीदा तरी म्हणाली, "लंबूला खांद्यावर घेऊन सगळं गाव हिंडवलं भावोजींनी, आणि आता एक फोन करवत नाही त्यांना? ताई, तू सुटलीस बघ." बाई प्रत्येक वेळी गप्प बसल्या होत्या.

दुपारी त्यांनी फ्रीजमधली नळी स्वतः काढली आणि नव्या यंत्रावर लावली. पट्टीवरच्या रेघा वाचण्याऐवजी हे यंत्र खुणा अक्षर अक्षर वाचतं, तिथे शंकेला जागा राहत नाही. घरी जाऊन त्यांनी काय खाल्लं, कधी पाठ टेकली, हे त्यांना आठवत नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दहापैकी दहा.

तो कागद घेऊन त्या मॅरोच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणजे बारीक चणीची, कायम घाईत असलेली बाई, बोलता बोलता उभ्यानेच सह्या करणारी. कागद बघून ती चक्क खाली बसली.

"कुठे मिळाला हा?"

"आमच्या फ्रीजमध्ये."

"म्हणजे?"

बाईंनी सगळं सांगितलं. फोनपर्यंत सांगितलं, फोन गाळला. मग विचारलं, "पहिल्यांदा आजार दबला होता तेव्हा मिळाला असता तर?"

डॉक्टरने त्यांच्याकडे बघितलं. खोटा दिलासा देणाऱ्यांपैकी ती नव्हती. "तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं असतं, की पोरीला घरी नेण्याची तयारी करा. आता आधी आजार पुन्हा दाबायला हवा. तो दबेल की नाही, तिचं शरीर टिकेल की नाही, सांगता येत नाही. पण कालपर्यंत हातात काहीच नव्हतं, आज आहे. माणूस आणा."

माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्रेमांचं दुकान चालवत होता. बाई तिथे पहिल्यांदाच गेल्या. अरुंद दुकान, भिंतभर दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांची बाळं, दुसऱ्यांचे गेलेले आजोबा. खाली लाकडाचा भुसा, कोपऱ्यात पट्ट्यांचा भारा. तो टेबलावर वाकून काच कापत होता. दुकानात कोण आलं हे त्याने मान न वळवता काचेत बघितलं असावं, कारण हात थांबला नाही, पण खांदे ताठ झाले. बाईंनी येताना रस्ताभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवेना.

त्याने काच मोडली, बाजूला ठेवली आणि मग विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"लंबू?"

"लंबू आहे. तिला जुळणारा दाता सापडला."

तो स्टुलावर बसला आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर धरून राहिला. मग हात काढून हसला, ओल्या डोळ्यांनी. "अगं मग असं सुतकी तोंड करून काय आलीस? मला वाटलं… जाऊ दे. कोण आहे? कुठल्या देशातला?"

"तू."

त्याला कळलं नाही. लोकांना हा शब्द कळायला इतका वेळ लागत नाही, पण त्याला लागला.

"मी कसा? तू तर म्हणाली होतीस…"

"चुकलं."

"चुकलं म्हणजे?"

बाईंजवळ उत्तर होतं आणि ते खरंही होतं. यादी, जुनं नाव, न वाचलेला कंट्रोल. त्या दिवशी पडदा उघडून बघितलं असतं तरी तेच जुनं नाव दिसलं असतं. त्यांनी सुरुवातही केली, "त्याचं असं आहे, की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये…"

"तेव्हा तू बघितलं होतंस का?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. "मी फोन केला तेव्हा. बघून सांगितलंस का नुसतंच?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि भिंतीवरच्या सगळ्या काचा थरथरल्या. बाईंनी ट्रक जाऊ दिला.

"नाही बघितलं."

त्याने मान हलवली, हिशोब लागल्यासारखी. आता तो काय बोलेल याची बाईंनी तयारी केली होती. चल नीघ म्हणेल. नाक घासायला लावेल. ते सगळं त्या ऐकून घेणार होत्या, हवं तर पाय धरणार होत्या.

"मी दुसरीकडे तपासून घेणार होतो," तो म्हणाला. "पलीकडच्या चौकात दात्यांची नावं नोंदवून घेतात, तिथे. दारापर्यंत गेलो होतो. रांगेत उभाही राहिलो. मग म्हटलं, ही भांडणात वाटेल ते बोलेल, पण तपासणीत? तपासणीत ती खोटं बोलायची नाही. रागापोटी तर मुळीच नाही. ती नाही म्हणाली म्हणजे नाही. उगाच त्या लोकांचा वेळ कशाला खा. आणि परत आलो."

बाईंना वाटलं, याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. आयुष्यभर त्यांनी जो नावलौकिक कमावला होता, त्यावर या माणसाने एकट्याने, भांडूनही, पुरता विश्वास ठेवला होता. आणि त्या विश्वासापायी लंबूचं दीड वर्ष गेलं होतं. त्याने हात झटकले, भुसा उडाला, आणि शटर ओढायची लोखंडी आकडी त्याने हातात घेतली.

"चल," तो म्हणाला. "आधी लंबूला बघू दे, मग काय ते रक्त काढा."

टॅक्सीत दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत बसले. एकदाच त्याने विचारलं, "धाकटीला माहीत आहे का, मी फोन केला होता ते?" बाईंनी मान हलवली. नाही. तो पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.

लंबूच्या वॉर्डाबाहेर एक छोटी खोली आहे. तिथे हात धुवायचे, तोंडाला मास्क बांधायचा आणि खुंटीवरचा निळा गाउन अंगात घालून मगच आत जायचं. लंबूच्या दोन माणसांचे दोन गाउन तिथे टांगलेले असत, एक धाकटीचा, एक बाईंचा. धाकटी नुकतीच बाहेर येऊन खुर्चीवर टेकली होती. तिने दारात त्याला पाहिलं आणि ताडकन उभी राहिली.

"आता आलात?" ती म्हणाली. "आता काय बघायला आलात? पोरीच्या डोक्यावर केस राहिले नाहीत, चालताना भिंत धरते ती. रोज विचारते, काका का येत नाही? मी काय सांगू तिला? एक फोन करायला काय जड झालं होतं तुम्हाला? सांगा ना. एक फोन!"

तो खाली बघत उभा राहिला. बाईंकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ते बघितलं असतं त्याहून वाईट होतं.

"यांनी केला होता फोन," बाई म्हणाल्या.

धाकटी वळली. "काय?"

"त्याच आठवड्यात केला होता. माझं रक्त तपासा म्हणाले. मी नाही म्हटलं. तपासलं नाही, बघितलं नाही, नुसतंच नाही म्हटलं. आणि लंबूला जुळणारा दाता सापडलाय, तो हेच आहेत."

हातातला मास्क धाकटीने इतका घट्ट आवळला की त्याची दोरी तुटली. ती रडली नाही. एखादा अनोळखी शब्द कानावर पडावा आणि त्याचा अर्थ लावत बसावं, तशी ती बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आणि मी इतक्या वेळा बोलले तेव्हा?" तिने विचारलं. "फोन केला नाही, फोन केला नाही म्हणून? तुझ्यासमोर?"

"गप्प बसले."

"माझ्याकडे बघत?"

"हो."

आत कुठलं तरी यंत्र टिकटिकत होतं. धाकटीने खुंटीवरचा बाईंचा गाउन काढला आणि त्याच्यासमोर धरला. तो बाह्यांत हात घालू लागला तेव्हा तिने मागून गाठी बांधल्या, एकेक करून, घट्ट. नवा मास्क काढून त्याला दिला.

"चला भावोजी," ती म्हणाली. "जागी आहे ती."

सवयीने बाईही एक पाऊल पुढे झाल्या.

"आत दोघांनाच सोडतात, ताई."

बाई मागे सरल्या. दार उघडलं, आतून बारीक, फाटलेला, पण खणखणीत आवाज आला, "काका!" आणि दार आपोआप लागलं. त्या दाराला वर एक चौकोनी काच होती. बाईंनी टाचा उंचावून आत बघितलं. तो पलंगाशी उभा राहून हातवारे करून काहीतरी सांगत होता, धाकटी पायथ्याशी बसून लंबूचे पाय चेपत होती, आणि लंबू हसत होती. तो काय सांगत होता, ते बाईंना बाहेर ऐकू आलं नाही.